जंक्शनच्या गावात मुक्काम

मिरजेत घर असलं की पाहुण्यांना वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही. ते काम रेल्वे करते. माणूस पुण्याहून बेळगावकडे निघालेला असो की कोल्हापूरहून पंढरपूरकडे, त्याच्या वाटेत मिरज येतंच. मग फोन येतो, "भाभी, पुढच्या गाडीला दोन तास आहेत. स्टेशनवर बसून काय करू, म्हटलं मुलांना बघून जावं." मुलं त्या वेळी शाळेत असतात हे त्यालाही माहीत असतं. दोन तासांच्या पाहुण्याला चहा-पोहे पुरतात, चार तासांच्या पाहुण्याला पुलाव करावा लागतो आणि ज्याची गाडी चुकली त्याला गादी घालावी लागते. आमच्या कपाटात रजया किती आहेत, हे नातेवाइकांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे.

(हे ‘आम्ही’ म्हणजे सहा माणसांचं कुटुंब, असा समज वाचकांनी करून घ्यायला हरकत नाही. पाहुण्यांना बोलवायचं ठरवताना आम्ही सहाजण असतो. भांडी घासताना मात्र आम्ही म्हणजे आम्हीच.)

आमच्या गावाला बदलण्याची सवय फार जुनी. एकेकाळी इथल्या स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्याकडून येणारी मोठी गाडी, खाली लोंढा-हुबळीकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डूवाडीमार्गे लातूरला जाणारी बार्शी लाइटची छोटी गाडी. ही छोटी गाडी मिरजेपर्यंत आली १९२७ साली. सासूबाई लहानपणी तिच्यातून प्रवास केल्याचं सांगतात. चढ लागला की पोरं खाली उतरून चालायची, वाटेतली बोरं तोडायची आणि पुन्हा डब्यात चढायची म्हणे. बोरांचा हा किस्सा दर वेळी थोडा वाढतो. मागच्या ईदला त्यात चिंचाही आल्या. पुढे एकेक करून सगळे रूळ मोठे झाले. आता गाडी बदलताना सामान एका मापातून दुसऱ्या मापात न्यावं लागत नाही. बदलणारी माणसं मात्र तेवढीच आहेत आणि त्यांच्या चहाची भांडीही तेवढीच.

रेल्वेने सोडलेले पाहुणे दवाखाना आणतो. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून मिरज हे आजाऱ्यांचं गाव झालं. कोकणातून, कर्नाटकातून, सोलापूर-मराठवाड्यातून माणसं इथे येतात. सांगली रस्त्यावरच्या एका वस्तीला वानलेसवाडी हे नावच पडून गेलं. पुढे १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आता तर पाटी वाचत रस्त्याने निघालं की हाडं, डोळे, कान, मूत्रपिंड अशी शरीरशास्त्राची उजळणीच होते. आमच्या धाकटीने वाचायला सुरुवात केली ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, डॉक्टरांच्या पाट्यांवरून. पहिलीत असताना तिला ‘कमळ’ वाचता येत नव्हतं, पण ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ अडखळत का होईना, वाचायची.

तर अशा या गावात गेल्या हिवाळ्यात आमच्या नणंदबाई लातूरहून आल्या. नंदोईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. लातुरात दवाखाने काही कमी नाहीत, पण मिरजेत दवाखान्याबरोबर भावजय मिळते. सोबत त्यांचा मुलगा, नववीतला. "धावपळीला घरचं माणूस पाहिजे ना," नणंदबाई म्हणाल्या. धावपळीच्या माणसाने आल्या आल्या बॅग उघडली आणि त्यातून भौतिकशास्त्राची तीन जाडजूड पुस्तकं काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडली. ती आठ दिवस तिथेच राहिली. आम्ही सगळे खाली दस्तरखान घालून जेवलो.

लातूर पॅटर्नबद्दल मास्तर माणसाला सांगायची गरज नाही. दहावी-बारावीचे निकाल आणि मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश यासाठी त्या शहराचं नाव राज्यभर झालं, परगावची मुलं तिथे खोल्या घेऊन राहू लागली. आमचा भाचा त्याच शहराचं पाणी प्यालेला. सकाळी पाचला उठतो, स्वतःचं वेळापत्रक स्वतः भिंतीवर चिकटवतो. आमच्या मधल्याला हे दाखवून आम्ही म्हणालो, "बघ." त्याने बघितलं आणि पांघरूण पुन्हा डोक्यावर घेतलं.

पाण्यावरून आठवलं. पहिल्याच रात्री जेवताना आमच्या थोरलीने अर्धा ग्लास पाणी बेसिनमध्ये ओतलं, तेव्हा भाचा चमकून तिच्याकडे बघत राहिला. बोलला काही नाही. नणंदबाईच हसून म्हणाल्या, "अगं, आम्ही तुमच्याच गावचं पाणी प्यालोय. याला आठवतंय ते."

२०१६ चा उन्हाळा. लातूरला पाणी उरलं नव्हतं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली होती. त्या वेळी ११ एप्रिलला मिरज स्टेशनातून पाण्याची गाडी निघाली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. कृष्णेचं पाणी शुद्ध करून रेल्वेच्या हैदरखान विहिरीच्या आवारातून वाघिणींत भरलं जायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या सुटू लागल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर, आणि पावसाळा नीट अंगावर येईपर्यंत त्या जात राहिल्या. मार्ग कोणता? पंढरपूर, कुर्डूवाडी, लातूर. सासूबाईंच्या बोरांच्या छोट्या गाडीचाच.

तेव्हा इकडे आम्हीही काही पाण्यात पोहत नव्हतो. आमच्या गल्लीतही नळ दिवसाआड. "आमचं पाणी तिकडे चाललं," अशी कुरकुर करणारे होते, आणि टाकी भरली की गाडी सुटताना बघायला जाणारेही होते. बरेचदा माणसं तीच असत. नणंदबाईंनी सांगितलं की भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला टबात उभं करून आंघोळ घालायच्या, त्याच पाण्यात कपडे, आणि उरलेलं पाणी संडासात. आता त्याला पायथागोरसपासून प्रकाशाच्या वेगापर्यंत सगळं येतं, पण नळ थेंब थेंब गळत असेल तर रात्री उठून तो बंद करून येतो. आमच्या घरचा तो बेसिनचा नळ सहा महिने गळत होता. आमच्या ह्यांनी तिसऱ्या दिवशी प्लंबर आणला. पाहुण्यांचे फायदेही असतात.

ऑपरेशन शुक्रवारी पार पडलं, अल्हम्दुलिल्लाह. रविवारी आमच्या ह्यांना नंदोईंच्या उशाशी बसवलं (तिथे बसून पेपर वाचणं हे काम त्यांना उत्तम जमतं) आणि आम्ही नणंदबाई, भाचा आणि आमची तिन्ही रत्नं घेऊन गाव दाखवायला निघालो. मुलांना आपलं गाव दाखवायला पाहुणा लागतो. एरवी आमच्या थोरलीला मिरजेतली दोनच ठिकाणं माहीत आहेत, क्लास आणि क्लासशेजारचं झेरॉक्सचं दुकान.

लक्ष्मी मार्केटपाशी थांबून भाच्याने घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो काढला. मग दर्गा. ख्वाजा शमना मीरा, म्हणजे सगळ्या गावाचे मीरासाहेब. उरुसाच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते, पण साध्या रविवारी आवारात कबुतरं, दोनचार फकीर, दवाखान्यातून सुटून आलेली पेशंटची माणसं आणि सावलीत डबे उघडून बसलेली कुटुंबं असतात. उरुसातला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे भाच्याला सांगितलं तर त्याने विचारलं, "का?" आम्ही म्हटलं, "कारण तो त्यांचा मान आहे." विज्ञानाच्या मुलाला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. आमच्या धाकटीला पुरलं. याच गावात २००९ साली गणेशोत्सवाच्या कमानीवरून दंगल झाली, संचारबंदी लागली, दूध आणायला कोण जाणार यावर घरात खलबतं झाली. तेही याच मुलांना कधीतरी सांगावं लागेल. त्या रविवारी नाही सांगितलं.

आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, किराणा घराण्याचे. मिरजेत राहिले आणि मिरजेचेच झाले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना मद्रासजवळच्या सिंगपेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनात त्यांचं निधन झालं. तिथून त्यांना इथे आणून दफन केलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची हजेरी लागते. भाच्याला गाण्यात रस नाही. पण माणूस प्रवासात एका स्टेशनवर गेला आणि दुसऱ्या जंक्शनच्या गावात पोहोचला, हे त्याला पटकन समजलं. "मामी, म्हणजे तेव्हासुद्धा मिरजेला येण्यासाठी गाड्या बदलायला लागल्या असतील," तो म्हणाला. आम्ही असा विचार केला नव्हता.

दर्ग्यापासून सतारमेकर गल्ली जवळ आहे, आणि आमचं घर त्या गल्लीच्या पाठीला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसभर तंबोऱ्याचा आवाज येतो. आमच्या सासूबाई गाण्या-बजावण्याच्या बाबतीत कडक आहेत. घरात रेडिओ बातम्यांपुरता. पण दुपारी भाजी निवडताना खिडकीतून तार छेडल्याचा आवाज आला की त्या मान न उचलता म्हणतात, "अजून बसली नाही ती." आणि पंधरा मिनिटांनी, "आत्ता बसली." साठ वर्षं त्या खिडकीशी काढल्यावर कान ऐकायचं नाकारून नाकारणार किती?

ही गल्ली मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले, त्यांना धार लावणं, हा धंदा. संस्थानं निवळली, शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यं करायला घेतली. लोखंडावरचा हात लाकडावर आला. आज मोठमोठ्या गवयांच्या मागे लागणारे तंबोरे याच अरुंद गल्लीतून जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावात फटाके वाजले, पेपरात फोटो आले.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्या मनात पाहुण्यांना गल्ली दाखवणं हे अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं शाळेचं होतं. आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा दोन महिन्यांपासून आठवड्यात दोन-तीन दिवसच येत होता. हुशार म्हणावा असा नाही, पण मन लावून ऐकणारा. निबंधात ‘माझी आई’ लिहायला सांगितलं तर सगळे पानभर आई लिहितात, याने आठ ओळी लिहिल्या आणि त्यातल्या तीन आईच्या हातच्या लाखेच्या वासाबद्दल. दोनदा निरोप पाठवला, वडील आले नाहीत. आठवीपर्यंत शिक्षणहक्काचा कायदा मुलाला धरून ठेवतो. नववीत कायदा हात सोडतो आणि मुलं नेमकी तिथेच निसटतात. वर्गशिक्षकाला फक्त हजेरीपट उरतो. दहावीला बोर्ड ७५ टक्के हजेरी मागतं. या मुलाचा हिशेब त्याच्या आसपासही जात नव्हता.

वडिलांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. छताला भोपळे टांगलेले, एकेक माठाएवढा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, भीमेच्या काठचे. "खायचे नसतात?" आमच्या मधल्याने विचारलं. तो मुलगा म्हणाला, "कडू असतात. म्हणून तर टिकतात." घरात शांत बसणाऱ्या आमच्या मधल्याने मग प्रश्नांची सरबत्तीच लावली आणि शाळेत तोंड न उघडणारा तो मुलगा सरळ उत्तरं देत गेला. भोपळा कापून भिजवायचा, आतून काठ्या लावून त्याला आकार द्यायचा, वाळवायचा. वर तबली, मग तुणाच्या लाकडाची दांडी, खुंट्या, नक्षी, चपड्याचं पॉलिश. आठवड्यामागून आठवडे जातात. आणि सगळं झाल्यावर ते वाद्य मुकंच असतं.

"मग वाजतं कशाने?" भाच्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

मुलाने घोडी दाखवली. तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, पूर्वी सांबरशिंगाची असायची, आता हाडाची किंवा लाकडाची. तिचा पृष्ठभाग वरून सपाट दिसतो, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत कंप पावते तेव्हा तो भरलेला, घुमणारा आवाज निघतो. हा उतार कानशीने काढायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. कमी घासलं तर आवाज बंद, जास्त घासलं तर घोडी गेली. तंबोऱ्यात तारेखाली एक धागा सरकवतात, तो तांदळाच्या दाण्याएवढा हलला तरी सूर उघडतो किंवा मिटतो. मुलाने धागा हलवला. आम्हाला काही फरक कळला नाही. भाचा मात्र म्हणाला, "आता वेगळा झाला." त्याने लगेच कंपनसंख्या आणि त्यातले वरचे स्वर असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. त्या मुलाला त्यातलं निम्मं समजलं नाही आणि भाच्याला धागा बसवता आला नाही. दोघं डोकी लावून बसले. दोघंही नववीत.

तेवढ्यात वडील आतून आले. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला," वगैरे झालं. खुर्ची पुसली गेली. चहा सांगितला गेला. मग त्यांनी स्वतःच विषय काढला. "डोळ्यांना दिसत नाही, मॅडम. जवारीला नजर लागते. कान आहेत माझे, पण उतार दिसत नाही. आता हा बघतो, मी ऐकतो." दुसऱ्या पोरांना शिकवून पाहिलं, टिकली नाहीत. कुरिअरच्या कामाला गेली, एक गोव्याला हॉटेलात गेला. शिवाय मोबाइलमध्ये तंबोरा आलाय, शिकणारी मुलं तोच लावतात. "मी याला शाळेतून काढत नाही. पण हा हात या दोन वर्षांत बसला नाही तर पुढे बसणार नाही. गणित पुढच्या वर्षीही येईल."

वीस वर्षं शिकवतो आम्ही. अशा वेळी काय बोलायचं ते तोंडपाठ असतं. शिक्षणाचं महत्त्व, मुलाचं भविष्य, दहावी तरी होऊ द्या. पण समोर जे दिसत होतं तेही शिक्षणच होतं, आणि आमच्या वर्गातल्यापेक्षा बरंच चांगल्या दर्जाचं. शाळेत चाळीस मुलांमागे एक मास्तर, इथे एका मुलामागे एक बाप. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, तेही मनात आलं. पण सतरा नंबरवर गेलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. फॉर्म भरला जातो, परीक्षेचा दिवस उजाडतो, मुलगा कामावर असतो. म्हणून ते तोंडावाटे काढलं नाही.

मदत आली ती अनपेक्षित बाजूने. भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद टांगला होता. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचा अर्ज. "इंग्रजीत आहे," वडील म्हणाले, "कोणाकडून तरी भरून घ्यायचाय." आम्ही मुलाला म्हटलं, "वाच." त्याने वाचला. अडखळत, बोट ठेवून, अर्धे शब्द चुकवत, पण नाव कुठे आणि पत्ता कुठे एवढं त्याला लागलं. वडील त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आम्ही शिक्षकी संधी साधली. "भाई, जवारी हा काढेल. पण सतारीवर तुमच्या गावाचं नाव लावायचं तर कागदही घरातच कोणाला तरी वाचता यायला हवा. रोज कोणाच्या दारात जाणार?" एवढं बोलून आम्ही चहा घेतला. जास्त बोललं की जवारी बिघडते.

नणंदबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या इतका वेळ वडिलांच्या डोळ्यांकडे निरखून पाहत होत्या. "मोतीबिंदू आहे ना?" त्यांनी विचारलं. होता. दोन्ही डोळ्यांत, एकात पिकलेला. डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "मग?" "दुकान बंद ठेवावं लागेल ना, आपा. आधी एक ऑर्डर होती, मग रमजान आला, मग लग्नसराई."

"आम्ही तीनशे चाळीस किलोमीटरवरून गुडघा घेऊन आलो," नणंदबाई म्हणाल्या, "आणि तुम्हाला गल्ली ओलांडून डोळे नेता येत नाहीत? तुमच्या डोळ्यांसाठी पोराचे डोळे वापरताय?"

नणंदबाईंच्या या स्वभावाचा आम्हाला वीस वर्षं त्रास झालेला आहे. आमच्या डाळीत मीठ कमी, पडद्याचा रंग भडक, मुलं वाळलेली, हे सगळं त्या असंच, समोरच्याच्या तोंडावर सांगतात. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा स्वभाव सार्वजनिक कामाला लावला तर पुष्कळ उपयोगी पडेल.

खोलीत कोणी बोलेना. मुलगा धाग्याशी खेळत बसला. वडिलांनी शेवटी विचारलं, "किती दिवस लागतात?" नणंदबाईंना सगळं माहीत. आठ दिवस त्या दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. कोणता डॉक्टर सकाळी येतो, सरकारीत कोणत्या दिवशी डोळ्यांची ओपीडी, केसपेपर कुठल्या खिडकीवर, थेंब किती दिवस टाकायचे, सगळं त्यांनी सांगितलं. मुलाने वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं. अक्षर वळणदार आहे त्याचं.

घरी येताना भाचा गप्प होता. आमच्या मधल्याने मात्र जाहीर केलं की त्याला सतार करायची आहे. वाजवायची नाही, करायची. दादींनी ते ऐकलं आणि तसबीह ओढता ओढता एवढंच म्हणाल्या, "आधी अंथरूण काढ."

नणंदबाई मंगळवारी गेल्या. जाताना डब्यात चपात्या, भडंगाची दोन पाकिटं आणि आमची दोन नंबरची रजई घेऊन गेल्या. नंदोईंना गाडीत थंडी लागेल म्हणून. ती परत येईलच, कारण टाके काढून झाले तरी दाखवायला यायचं आहे. भौतिकशास्त्राचं एक पुस्तक टेबलावर राहून गेलं. ते विसरलं की ठेवून गेला, कळत नाही. त्याच्यात लाटांचं प्रकरण आहे आणि त्या पानावर तंबोऱ्याच्या तारेचा सफेद दोऱ्याचा तुकडा खूण म्हणून घातलेला सापडला.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात सोमवारी आला, मंगळवारी आला, बुधवारी नाही. गुरुवारी आला तेव्हा त्याने आमच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन असल्यामुळे आठ दिवस शाळेत हजर राहू शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती. मराठीत, मायन्यासकट, समास सोडून. ‘विनंती’तला ‘ती’ ऱ्हस्व होता, तो आम्ही लाल शाईने दुरुस्त केला आणि खाली सही केली. खालच्या बाजूला त्याने स्वतःहून एक ओळ लिहिली होती. उजवा डोळा आधी आहे, डाव्याची तारीख परीक्षेनंतर मागितली आहे.